फ्लॅट विकताना सर्च रिपोर्ट अडकलाय, विकणाऱ्याने काय करावं? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला, आनंदवली शिवारात आमचा तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सासऱ्यांनी १९९८ साली घेतलेला. इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही एक प्लास्टिकचं स्टूल कायमचं ठेवलंय, त्यावर बसून दम खाल्ल्याशिवाय त्यांना वर येताच येत नाही. दवाखाना सोडला तर गेल्या दिवाळीपासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. म्हणून हा फ्लॅट विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं ठरवलं.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. अंबडला एमआयडीसीत नोकरी करणारं तरुण जोडपं आहे. भावावरून फार घासाघीस नाही झाली. विसार घेतला, विसार पावतीत खरेदीखतासाठी ६० दिवसांची मुदत लिहिली. त्यांचं कर्जही तत्त्वतः मंजूर झालं. मग फाईल बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांकडे गेली आणि तिथेच बसली. आज ४१ वा दिवस. कधीही विचारलं तरी "सर्च चालू आहे". एकदा सर्व्हर बंद, एकदा जुनं रजिस्टर सापडत नाही, एकदा रेकॉर्डचा माणूस रजेवर.

इकडे आम्ही नव्या फ्लॅटसाठी विसार देऊन बसलोय, तिकडचीही मुदत पळतेय. सासरे २०१५ साली गेले. नणंदेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलंय, त्यामुळे विकणारे आता सासूबाई आणि माझे मिस्टर. घरातली कागदपत्रं सगळी आहेत असं मला वाटतं.

सर्चला खरोखर इतके दिवस लागतात का? वकील त्यांच्या बँकेचे, बँक त्यांची. मग आम्ही विकणाऱ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं का?

रानवारा

आमचंही असंच चाललंय, इंदिरानगरला. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

दस्तऐवज

ताई, मी वकील आहे. दिवाणी कामं आणि सर्च हेच गेली १९ वर्षं करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सर्च म्हणजे तुमच्या फ्लॅटच्या मालकीची साखळी तपासणं. जमीन मूळ शेतकऱ्याकडून बिल्डरकडे कशी आली, विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र कुणाचं, बिनशेती आदेश झाला का, पूर्णत्वाचा दाखला आहे का, घोषणापत्र (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा दस्त) नोंदलंय का, आणि मग सासऱ्यांचं खरेदीखत. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत, म्हणून घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट (एकेका फ्लॅटचा मालकी दस्त) इथे फार महत्त्वाचं. बँका साधारण ३० वर्षांचा सर्च मागतात, म्हणजे तुमच्या बाबतीत तो सासऱ्यांच्या खरेदीच्याही मागे जातो.

आता उशीर कुठे होतो ते बघा. मुंबई सोडून बाकी महाराष्ट्राचं नोंदणीचं रेकॉर्ड २००२ पासूनचं संगणकावर आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ते कुणालाही घरबसल्या बघता येतं. त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेल्या सूचीत. सूची क्रमांक १ नावावरून, सूची क्रमांक २ मिळकतीवरून. सूची दोन मौजेवार (म्हणजे गावाप्रमाणे) आणि वर्षवार असते. बाइंडिंग सुटलेलं, पानाचे कोपरे झडलेले, एका वर्षाचं रजिस्टर दुसऱ्याच कपाटात, हे सगळं असतं. आम्ही सर्च रिपोर्टात "काही पाने जीर्ण असल्याने पाहता आली नाहीत" असं लिहितो ते उगाच नाही. त्यात शहरात दुय्यम निबंधक कार्यालयं अनेक. एकाच मिळकतीचे दस्त वेगवेगळ्या कार्यालयांत नोंदलेले असू शकतात, मग प्रत्येक ठिकाणी जावं लागतं.

तुमच्या केसमध्ये १९९६ ते २००१ हा तुकडा अडकला असणार, माझा अंदाज. पॅनलच्या वकिलाकडे अशा पन्नास फायली असतात. ज्या फायलीत दस्त क्रमांक आणि तारीख आयती मिळते ती पुढे जाते. ज्यात नुसता सर्व्हे नंबर घेऊन पान न पान चाळायचं असतं ती खाली राहते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण घडतं तसंच.

तेव्हा तुमच्या हातात जे आहे ते आज करा. सासऱ्यांच्या खरेदीखताची मूळ नोंदणी पावती शोधा, दस्ताबरोबर मिळते ती. त्यावर दस्त क्रमांक, तारीख, कार्यालय सगळं असतं. खरेदीखताच्या पहिल्या पाच-सहा पानांत बिल्डरने जमीन कशी घेतली त्याचा उल्लेख असतो, त्यातले जुने दस्त क्रमांक आणि फेरफार क्रमांक एका कागदावर उतरवून त्या वकिलांना द्या. आणि बँकेच्या वकिलावर विसंबून न राहता स्वतःचा वकील लावून समांतर सर्च काढा. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या सूची फी भरून कुणालाही बघता येतात, त्याला बँकेची ओळख लागत नाही.

कर्जखाते

मी बँकेत कर्ज विभागात आहे (तुमच्या व्यवहारातली बँक नव्हे). दस्तऐवज यांच्याशी सहमत. एक भर घालते.

पॅनलच्या वकिलाचं काम कुठे अडलंय हे विकणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण बँकेचं गिऱ्हाईक खरेदीदार असतो. म्हणून खरेदीदाराला सांगून शाखेला एक ई-मेल पाठवायला लावा. "सर्च प्रलंबित असल्यास नेमक्या कोणत्या कागदासाठी, हे लेखी कळवावे" एवढंच लिहायचं. फोनवर "चालू आहे" म्हणता येतं, लेखी उत्तरात कागदाचं नाव लिहावंच लागतं. माझ्या टेबलावर असा ई-मेल आला की मी स्वतः वकिलांना फोन करते.

सासऱ्यांनी या फ्लॅटवर कर्ज घेतलं होतं का? घेतलं असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि मूळ कागद परत मिळाल्याची पोच आधीच काढून ठेवा. अलीकडच्या कर्जांना तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. इथे वाचणाऱ्या ज्यांचं कर्ज नुकतंच फिटलंय त्यांनी हे लक्षात ठेवा. तसंच २०१३ नंतर मूळ कागद तारण ठेवून कर्ज घेतलं असेल तर त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदणी कार्यालयात दाखल झालेली असते आणि ती ई-सर्चमध्ये दिसते. कर्ज फिटलं तरी ती नोंद आपोआप जात नाही. विकायच्या वेळी हीच नोंद बघून पुढचा वकील थांबतो.

रोखठोक

ताई, इतका त्रास घेण्यापेक्षा रोखीचं गिऱ्हाईक बघा. कर्जवाल्यांच्या मागे लागलं की असंच होतं. ६० दिवस झाले की विसार जप्त करून मोकळं व्हायचं.

पाथर्डी_फाटा

रोखठोक, मला हे पटलं नाही. मी दोन वर्षांपूर्वी खरेदीदार होतो. भाड्याचं घर सोडायची नोटीस दिलेली, बायको सात महिन्यांची गरोदर, आणि सर्च अडकलेला. माझी चूक काय होती? मी बँकेत रोज जात होतो. ज्या काकांचा फ्लॅट होता ते दर शनिवारी फोन करायचे, "आज काय झालं? माझ्याकडून काही कागद हवाय का?" एवढंच विचारायचे. त्या फोनमुळे मी टिकलो. मधे दलालाने दुसरा फ्लॅट दाखवला होता, स्वस्त होता, मी गेलो नाही.

ताई, त्या जोडप्याशी बोला. ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेले असतील.

दस्तऐवज

विसार जप्तीबद्दल: असा सल्ला कृपया कुणी घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा गाभा असं कायदा सहसा धरत नाही. खरेदीदार पैसे द्यायला तयार असताना आणि उशीर कागदांचा असताना विसार जप्त केला, तर तो विशिष्ट पूर्ततेचा (ठरल्याप्रमाणे फ्लॅट विकून द्या असा) दावा लावू शकतो. तो दावा एकदा लागला आणि त्याची नोटीस नोंदली गेली की मग फ्लॅट दुसऱ्या कुणालाही विकणं अवघड. त्यापेक्षा आत्ताच मुदतवाढीचा लेखी कागद करा. विसार पावतीचा संदर्भ, नवीन तारीख, उशिराचं कारण, दोन्ही बाजूंच्या सह्या, दोन साक्षीदार. मुदत संपायच्या आधी करा.

तांबट_लेन

जाहीर नोटीस दिलीय का? आमच्या वेळी सर्च हातात आल्यावर वकिलांनी पेपरात नोटीस दिली, मग हरकतीसाठी पुन्हा १४ दिवस थांबलो. ते दिवस फुकट गेले. सर्च चालू असतानाच नोटीस देऊन टाका.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाथर्डी फाटा, तुमचं वाचून मी लगेच त्या मुलीला फोन केला. खरंच रडवेली झाली होती. तिला वाटत होतं आम्ही मुद्दाम कागद लपवतोय. तिने शाखेला ई-मेल केला, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "१९९८ च्या खरेदीखताची सूची क्रमांक २ मधील नोंद आढळत नाही, ७/१२ वर इतर हक्कात बोजा दिसतो." ४१ दिवसांत हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं! बोजा म्हणजे बिल्डरने १९९७ साली जमिनीवर काढलेलं कर्ज.

मुदतवाढीच्या कागदावर काल सह्या झाल्या, ४५ दिवस वाढवून घेतले. नव्या फ्लॅटच्या मालकांनीही समजून घेतलं. जाहीर नोटीस 'गावकरी' दैनिकात दिलीय. पावती शोधतेय.

सातबारा

बोजाचं मी सांगतो, हे माझं रोजचं काम.

बिल्डरने कर्ज फेडलं की बँक पत्र देते. ते पत्र तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गेलं तरच फेरफार होऊन बोजा कमी होतो. बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो, ते पत्र त्याच्या फायलीत राहतं आणि सातबाऱ्यावर पंचवीस-तीस वर्षं ती ओळ तशीच. अपार्टमेंटमधल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही, कारण घरपट्टी आपल्या नावावर येत असते. पहिला माणूस कर्जवाल्याला फ्लॅट विकायला निघतो तेव्हा ती दिसते.

बिल्डर हयात असेल तर त्याच्याकडून, नाहीतर थेट त्या बँकेकडून बेबाकी पत्र (कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र) मिळवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर विलीनीकरणानंतरच्या बँकेच्या वसुली विभागात अर्ज करा, जुनं खातं क्रमांकाशिवायही सर्व्हे नंबरवरून सापडू शकतं. मग बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे १५ दिवस कुणीही कमी करू शकत नाही, त्यामुळे ओळखीच्या मागे वेळ घालवू नका. अर्ज लवकर टाकणं एवढंच आपल्या हातात.

इतर हक्कात अजून काही आहे का तेही बघा. नाशिकच्या जमिनींवर कमाल नागरी जमीन धारणा कायद्याच्या कलम २० च्या सवलतीची ओळ खूपदा असते. तो कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला, तरी कलम २० खालच्या सवलती आणि त्यांच्या अटी कायम राहिल्या. ती ओळ असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

सिडकोकर

अवांतर होईल, पण नवीन नाशिकमध्ये सिडकोचं घर असणाऱ्यांनी वाचा. तिथली जमीन मुळात भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतराआधी सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क लागतं का ते आधी विचारून घ्या. मधल्या काळात नुसत्या मुखत्यारपत्रावर दोन-तीन हात बदललेली घरं आहेत. त्यांनी विसार घेण्याआधी ही साखळी जुळवावी, नाहीतर सर्च रिपोर्टात "मालकी सिद्ध होत नाही" असंच येतं.

गोदाकाठ

नऊ दिवसांनी लिहितेय.

पावती सापडली. सासऱ्यांची एक जुनी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात लाइट बिलं, माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या फीच्या पावत्या, आणि एका पोस्टकार्डाला टाचणीने लावलेली नोंदणीची पावती. टाचणी गंजून कागदाला तपकिरी भोक पडलंय, पण दस्त क्रमांक आणि तारीख स्वच्छ वाचता येते.

दस्तऐवज यांच्या सल्ल्याने आम्ही आमचा वकील लावला. सर्चच्या फीचं चलन ग्रासवर (शासनाच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर) भरलं, ३० वर्षांचे ७५० रुपये. त्यांच्याबरोबर मी स्वतः रेकॉर्ड रूमला गेले. दस्त क्रमांकावरून खरेदीखताची प्रत पाऊण तासात निघाली. म्हणजे नोंद होती. मग सूचीत का सापडत नव्हती? वकिलांनी आनंदवलीची पानं दोनदा बघितली, नाही. मग तारखेवरून शेजारच्या गावांची पानं काढली. गंगापूरच्या पानावर, वरून सातव्या ओळीत, निळ्या शाईत सासऱ्यांचं पूर्ण नाव. त्याच्यापुढे आमचाच सर्व्हे नंबर. दस्तात मौजे आनंदवली बरोबर लिहिलंय, सूचीत उतरवताना कुणीतरी गंगापूर लिहिलं. मी त्या नावावर बोट ठेवून उभी राहिले. माणूस गेला त्याला दहा वर्षं झाली, आणि त्याची कष्टाची खरेदी एका चुकीच्या गावात जाऊन बसली होती.

वकिलांनी दस्ताची आणि सूचीच्या त्या पानाची, दोन्हींच्या प्रमाणित प्रती घेतल्या आणि बँकेच्या वकिलांना दिल्या, सोबत एक पानाचं टिपण. दोन दिवसांत सर्चचा तो मुद्दा मिटला. ज्यासाठी सहा आठवडे थांबलो ते प्रत्यक्षात एका सकाळचं काम होतं. राग येतोच. पण मी स्वतः पहिल्याच आठवड्यात पेटी उघडायला हवी होती, हेही खरं.

बोजाचं पत्र मिळवायला मात्र पायपीट झाली. मूळ बँक दुसरीत विलीन झालेली. सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे वसुली विभागात सर्व्हे नंबर घेऊन गेले. तिथल्या एका मॅडमनी जुनी खातेवही स्वतः चाळून दिली. २००१ सालीच कर्ज फिटलेलं. पत्र मिळालं, ई-हक्कवर अर्ज केला, फेरफार धरलाय. आता ते १५ दिवस.

आमच्या इमारतीतल्या बाकी अकरा जणांना मी ते पत्र झेरॉक्स करून दिलं. सातबारा एकदा स्वच्छ झाला की सगळ्यांचाच होतो.

रानवारा

ताई, तुमचं वाचून मी आज आमची पावती शोधली. दस्त क्रमांक वकिलांना कळवला, तर म्हणाले, हे आधी का नाही दिलं! कुणी मागितलंच नव्हतं.

कर्जखाते

बँकांनी कागदांची यादी देतानाच "जुन्या दस्ताची नोंदणी पावती" हा शब्द त्यात टाकायला हवा. मी आमच्या शाखेच्या यादीत उद्यापासून टाकतेय.

दस्तऐवज

फार चांगलं झालं ताई. एक गोष्ट राहिली. ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) विकणाऱ्यांच्या नावाने आणि बिल्डरच्या नावाने एकदा शोधून घ्या. दावा चालू असला आणि त्याची नोटीस नोंदलेली नसली तर नोंदणी कार्यालयाच्या सर्चमध्ये तो दिसत नाही. काही वकील शेवटच्या आठवड्यात ते काढतात आणि पुन्हा खोळंबा होतो. आणि हक्कसोडपत्र नोंदलेलं असलं तरी वारसांबद्दल एक प्रतिज्ञापत्र मागतील, ते तयार ठेवा.

गोदाकाठ

ई-कोर्ट्सवर बघितलं, काही नाही. प्रतिज्ञापत्र झालं. फेरफार परवा प्रमाणित झाला, सातबाऱ्याच्या इतर हक्कात आता ती ओळ नाही. बँकेचं अंतिम मंजुरीपत्र आज आलं.

एक विचारायचं आहे. खरेदीखताला सासूबाईंची सही आणि अंगठा लागणार. त्यांना जिना उतरवणं, गाडीत बसवणं, तिथे रांगेत थांबणं, सगळंच कठीण आहे. काही सोय असते का?

दस्तऐवज

असते. नोंदणी कायद्यात कलम ३१ आणि ३८ प्रमाणे आजारी किंवा अशक्त व्यक्तीसाठी निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, त्याला गृहभेट म्हणतात. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज द्या, वेगळी फी भरावी लागते. आणि घाईगर्दी करू नका. दस्तावर सह्या झाल्यापासून नोंदणीसाठी चार महिने असतात, त्यामुळे गृहभेटीची तारीख चार दिवस पुढे गेली तरी काही बिघडत नाही. मात्र बँकेचा धनादेश कधी निघणार ते त्या तारखेशी जुळवून घ्या.

गोदाकाठ

अर्ज भरायला घेतला होता. पण सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्या घरी येऊन माझं घर विकायला लावू नका. मी येते तिथे. फक्त परत या जिन्याने वर चढायला लावू नका." मग नव्या फ्लॅटच्या मालकांशी बोललो, त्यांनी दोन दिवस आधी किल्ली द्यायचं कबूल केलं. सामान बुधवारी हलवतोय. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळालीय. दोन मुलं खुर्चीत बसवून त्यांना खाली आणणार, तिथून कार्यालय आणि तिथून सरळ नवीन घरी.

ते जोडपं मंगळवारी येऊन गेलं. मुलीने स्वयंपाकघराची मापं घेतली. जाताना स्टूल दिसलं तिला, विचारलं कशासाठी आहे. सांगितलं. म्हणाली, असू दे तिथेच, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबाही चढताना थांबतात ना.